बरहुकूम

“ही चूक तुम्हाला दिसली नव्हती?” मॅडमनी विचारलं.

“दिसली होती.”

“मग?”

“मुळातच होती,” तो म्हणाला. वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत त्याला कळलं, की आपण बुडालो.

संगणक विभागातली डोकी पडद्यांमागून एकेक करून वर आली. सगळ्यात आधी हसला तो जाड भिंगांचा सहकारी, ज्याला सगळे चष्माच म्हणायचे. ते साहजिकच होतं, कारण चूक मूळ त्याचीच होती, आणि ज्याची चूक असते त्यानं दुसऱ्या कुणाच्या आधी हसून घेतलं की ती चूक त्याची राहत नाही, सगळ्यांची गंमत होते. चष्म्यानं पूर्वी कधीतरी रजा मोजणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता, त्यात महिन्याचा शेवटचा दिवस गळत होता. पुढे त्यानं तो आपल्यापुरता दुरुस्त केला. पण जुनी प्रत कुठेतरी पडून राहिली, ती याला सापडली, आणि यानं ती उचलून, नावं बदलून, हजेरीच्या नव्या कामासाठी मॅडमना नेऊन दिली. गळणाऱ्या दिवसासकट. “अहो बरहुकूम,” चष्मा डोळे पुसत म्हणाला, “चोरी करायची तर निदान चांगला माल तरी बघून उचलावा माणसानं!” मॅडम हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. माणूस हसतो तेव्हा त्याचा राग थोडा खर्ची पडतो. मॅडमनी काहीच खर्च केलं नाही, सगळं शिल्लक ठेवलं. त्या एवढंच म्हणाल्या, “जेवण झाल्यावर कोपऱ्यातल्या मशीनवर बसा. त्याला इंटरनेट नाही. एक छोटा प्रोग्रॅम लिहा, तुमचा. खिडकीवर आलेल्या माणसाकडून अर्जाचा नंबर घ्यायचा आणि त्याच्या कागदाची नक्कल तयार आहे की नाही ते सांगायचं. एवढंच. ऑफिस सुटताना मी बघेन. तुमचा अहवाल आज पाठवायचाय, आणि त्यात एक ओळ आहे, स्वतंत्रपणे काम करू शकतात की नाही. त्या ओळीत काय लिहायचं हे मला आत्ता माहीत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “म्हणजे माहीत आहे. पण तुम्ही मला खोटं पाडलंत तर मला आवडेल.”

त्या ओळीत काय लिहिलं गेलं की काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या जुन्या नकला विभागातली बाकीची माणसं अशाच ओळींनी घरी गेली होती. हा एकटा इथे आला तो त्याच्या नजरेमुळे. टंकलेखनातली चूक तो चालता चालता पकडायचा, आणि कुणा वरच्याला वाटलं की अशी नजर संगणकाला चालेल. शिकून घ्या, म्हणाले. शिकला. म्हणजे काय शिकला, तर आपला पूर्वीचाच धंदा नव्या दुकानात मांडायला शिकला. इंटरनेटवरच्या व्हिडिओत एखादा मास्तर टाइप करायचा, हा थांबवून थांबवून तसंच टाइप करायचा. मास्तर बोलता बोलता एखादं अक्षर चुकवायचा, हाही चुकवायचा. पुढे मास्तर “अरेच्चा” म्हणून मागे जाऊन दुरुस्त करायचा, हाही मागे जायचा. त्याच्या तोंडूनही कधी कधी “अरेच्चा” निघून जायचं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम पडद्यावर धडधडीत चालायला लागला की छातीत ऊब यायची, की आपल्याला येतं. आणि मग मास्तर निरोप घ्यायचा, पडदा बंद व्हायचा, आणि एक नवी कोरी फाइल उघडली की पोटात असा खड्डा पडायचा, की जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी.

कोरं म्हणजे काय हे त्याच्या आयुष्यात आलंच नव्हतं. दप्तरखान्याच्या नकला विभागात त्याच्या डाव्या हाताला कायम मूळ असायचं. कुणाचं खरेदीपत्र, कुणाचा जन्म, कुणाचा निवाडा. उजव्या हाताला कागद. डावीकडून उजवीकडे. खाली शिक्का मारायचा, अस्सल बरहुकूम, म्हणजे मुळाच्या हुकमाप्रमाणे, त्यात आमचं काही नाही. त्या शिक्क्यावरूनच त्याला हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. मुळात शब्द चुकला असेल तर नकलेत चुकायचा. मुळात शाई सांडली असेल तर तिथे कंसात “येथे डाग” असं लिहायचं. मग जोडीदाराला बसवून ताडून पाहायचं. तो मूळ वाचायचा, हा नकलेवर बोट ठेवायचा. जोडीदार इतक्या एकसुरी आवाजात वाचायचा, की मृत्युपत्र आणि गाय विकल्याची पावती यांत फरक कळू नये. त्या आवाजात फार शांतता होती. एकदाच, अगदी नवा असताना, एका जुन्या निवाड्यात घराची हद्द पूर्वेला नदी अशी लिहिली होती आणि सोबतच्या नकाशात नदी सरळ पश्चिमेला होती, तेव्हा यानं नकलेत “पश्चिमेस” लिहिलं. कुणाचंही वाईट झालं नाही. कागद बाहेरही गेला नाही. मोठ्या नक्कलनवीसांनी फक्त टेबलापाशी बोलावलं, त्या शब्दावर नख ठेवलं आणि विचारलं, “तुला कुणी विचारलं?” रागानं नाही. जिज्ञासेनं. जणू खरोखर कुणी विचारलं असेल तर त्यांना त्याचं नाव हवं होतं. तो शब्द खोडून पुन्हा “पूर्वेस” लिहिताना त्याला वाटलं, आपण नागडे उभे होतो आणि कुणीतरी अंगावर चादर टाकली.

आता कोपऱ्यातल्या मशीनसमोर कोरी फाइल उघडी होती. कर्सर लुकलुकत होता. खिडकीवर घाईत आलेला माणूस बोटानं लाकडावर टकटक करतो तसा. त्यानं खुर्ची खाली केली. वर केली. पडदा पुसला. खाली फरशीच्या सांध्यात पेन्सिलीचं एक टोक अडकलं होतं, ते काढायला वाकला, आणि वाकलेला बराच वेळ तसाच राहिला, कारण टेबलाखाली कर्सर दिसत नव्हता. मग एकदम सुचलं आणि त्याची बोटं सुटली. ओळींमागून ओळी, कंस उघडले, मिटले, आतल्या ओळी नेमक्या अंतरावर सरकल्या. पडदा भरला. मागून जाणारा चष्मा थबकला. “ओहो! सुटलात की!” म्हणून खांद्यावर थाप मारून गेला. तो गेल्यावर यानं वर जाऊन वाचलं. फळांच्या दुकानाचा प्रोग्रॅम होता. व्हिडिओतल्या मास्तरचा, सफरचंदं आणि संत्री, एका अक्षराचाही फरक नाही. त्याच्या डोक्यात असे कितीतरी पडले होते, तोंडपाठ, आणि एकातही खिडकीवर उभा असलेला माणूस नव्हता. त्यानं सगळं निवडलं आणि पुसलं. पुसताना वाटलं, की आता या अंगात जे काही होतं ते संपलं. हातपाय, डोळे, चांगलं अक्षर, आणि मध्ये काही नाही. दुसऱ्यांचं सामान ठेवायची खोली. सामान नेलं की भिंती.

हे त्याला आज नव्यानं कळत होतं असंही नाही. बायकोला हे लग्नापासून ठाऊक होतं. पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा काय बोलावं हे त्यानं मोठ्या भावाला विचारून घेतलं होतं, आणि भावानं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं: “मला फार बोलता येत नाही, पण मी ऐकून घेतो.” बायको त्या वाक्यावर भाळली. लग्नानंतर एका दुपारी तिनं हे कौतुकानं वहिनीला सांगितलं, तेव्हा वहिनी हातातलं काम टाकून भिंतीला टेकून हसत सुटली, कारण तिलाही याच वाक्यावर पटवण्यात आलं होतं. दोघी जावा त्या दिवसापासून जिवलग मैत्रिणी झाल्या, ही त्या वाक्याची एक जमेची बाजू. भाऊ पुढे एवढा बोलका निघाला, की वहिनीला घरात शब्द टाकायला जागा मिळेना. यानं मात्र वाक्य पाळलं. ऐकून घेतलं. बायको म्हणायची, “भावाचं वाक्य आणि निभावलं तुम्ही. असा नवरा बघितला नाही मी!” हे ती चिडवायला म्हणते की कशासाठी, हे त्याला कधी कळलं नाही. आज वाटलं विचारावं. जिन्यात जाऊन त्यानं फोन लावला. ती शिवणकाम करायची, तयार कपडे उसवून मापात आणायची. मागे यंत्राचा आवाज होता.

“पटकन बोला, गिऱ्हाईक उभंय.”

“काही नाही.”

“काही नाही हे सांगायला फोन केलात?”

“मॅडमनी प्रोग्रॅम लिहायला सांगितलाय. स्वतः. नाही जमला तर आज संपलं.”

यंत्र थांबलं. “मग लिहा की.”

“भीती वाटते.” हा शब्द तिच्याशी इतक्या वर्षांत कधी वापरला नव्हता, तो आपल्याच तोंडात परक्याच्या चपलेसारखा सैल वाटला.

“मग?” ती म्हणाली. “मला अजून वाटते, कापडाला कात्री लावताना. दर वेळेला. भीती जायची वाट बघत बसले असते तर गावातली अर्धी माणसं उघडी फिरली असती.” मग कुणाला तरी म्हणाली, “हो हो, झालंच. हात वर करा,” आणि पुन्हा फोनमध्ये, “ठेवू?”

तिनं धीर वगैरे दिला नाही. फोन खिशात टाकून तो तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. जिना खालपर्यंत गोल गोल उतरत गेला होता आणि अगदी तळाशी कुणाची तरी छत्री उघडी वाळत ठेवली होती. उतरून सरळ रस्त्यावर जाता येईल. कोट वर राहिला तर राहिला. संध्याकाळी घरी गेल्यावर बायको काही बोलणार नाही, आणखी दोन पँटी जास्त उसवेल. ते तिचं न बोलणं त्याला इतकं स्पष्ट ऐकू आलं, की तो वर चढला. धैर्य नव्हतं ते. खाली जायची भीती वर जायच्या भीतीपेक्षा रतीभर जड भरली, इतकंच.

पहिली ओळ त्यानं लिहिली ती ओळ म्हणावी अशी नव्हतीच. नंबर विचार. एवढं सांगणारे दोन शब्द आणि एक कंस. लिहून हात मागे घेतला, तापल्या तव्यावरून घ्यावा तसा. मान वळवून बघितलं. कुणी आलं नाही. दुसरी ओळ, तो नंबर मशीनवरच्या अर्जांच्या यादीत शोध. तिसरी, त्याची स्थिती काढ. जर स्थिती तयार असेल तर “नक्कल तयार आहे” म्हण, नाहीतर “अजून नाही” म्हण. कंस विसरला, पडदा लाल झाला. कंस घातला, लाल गेलं. मग चालवलं. नंबर विचारला गेला. त्यानं तयार असलेल्या एका अर्जाचा नंबर दिला. “नक्कल तयार आहे.” त्यानं पुन्हा वाचलं. मॅडमच्या मशीनवर नाही, मास्तरच्या पडद्यावर नाही, इथे, त्याच्या नाकासमोर. मग तयार नसलेला नंबर दिला. “नक्कल तयार आहे.” दुसरा दिला. तयार आहे. तिसरा. तयार आहे. हा प्रोग्रॅम सगळ्यांनाच हो म्हणत होता, आलेल्या पाहुण्याला पोट भरलेलं असतानाही वाढणाऱ्या यजमानासारखा. उद्या हा खिडकीवर लावला तर सगळा हॉल एकदम उठून येईल.

आणि ताडून पाहायला मूळ नव्हतं. हे त्याला आत्ता खरं उमगलं. चूक आहे हे दिसत होतं, पण कशाच्या मानानं चूक? डाव्या हाताला टेबल रिकामं होतं. त्यानं सवयीनं तिकडे बघितलं. दोनदा बघितलं. वाचून दाखवायला जोडीदार नव्हता, तेव्हा तो स्वतःच वाचायला लागला, ओठांत, त्याच एकसुरी आवाजात, एकेक खूण उच्चारून. नंबर. कंस. जर. स्थिती. बरोबर. तयार. पुन्हा. जर, स्थिती, बरोबर… बोट तिथे थांबलं. बरोबरची खूण एकच होती. एक खूण म्हणजे हुकूम: स्थिती तयार आहे असं धर. दोन खुणा म्हणजे प्रश्न: आहे का, ताडून बघ. सगळ्या व्हिडिओंत हे सांगितलं होतं, त्यानं ते शंभरदा बरोबर उतरवलं होतं, आणि ज्यानं उभी हयात ताडून पाहण्यात घालवली त्यानं स्वतःचं पहिलं वाक्य लिहिताना ताडायचं सोडून सरळ हुकूम दिला होता. त्याला हसू आलं. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, आणि हे दोन्ही एकदम का यावं हे कळेना. इतकी वर्षं आत दबून बसलेला कुणी उद्दाम माणूस एका खुणेतून डोकावून गेला होता. विचारायचं नाही, ठरवायचं. त्यानं दुसरी खूण घातली. तयार असलेला नंबर, तयार आहे. नसलेला नंबर, अजून नाही. त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. मॅडम आल्या, शेजारची खुर्ची ओढून बसल्या, मांडीवर अहवालाचा कागद. “झालं?”

“झालं.”

त्यांनी एक नंबर टाकला. अजून नाही. दुसरा टाकला. तयार आहे. त्यांच्या भुवया जरा वर गेल्या. मग त्यांनी यादीत नसलेलाच एक नंबर टाकला, सहज, आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला.

“हं,” मॅडम म्हणाल्या. वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या, आणि तेच जास्त लागलं. “चुकीचा नंबर घेऊन येणारा माणूस राहिला.”

राहिला. सगळ्या माणसांतला नेमका तोच राहिला. खिडकीवर रोज यायचा तो. कधी म्हातारी, कधी कुणाचा मुलगा, चिठ्ठीवर आकडे उलटसुलट. त्याला आतून ओरडून सांगायचे, “नोंद नाही!” आणि तो जायचा नाही. लाकडावर हात ठेवून तसाच उभा राहायचा, जणू आपण स्वतःच नोंदीतून गळालो. आत मान खाली घालून हा लिहीत असायचा. मुळात नसलेल्या माणसाचं काय करायचं हे त्याचं काम नव्हतं.

“साधं आहे,” मॅडम म्हणाल्या. “इथे एक ओळ,” आणि त्यांचा हात कळफलकाकडे आला.

“राहू द्या.”

हात हवेत थांबला.

“हात लावू नका,” तो म्हणाला. हे कोण बोललं म्हणून त्यानंच दचकून ऐकलं. “मी करतो.”

“अहो, वेळ झाली. मला हे आज पाठवायचंय. काय लिहू?”

“जे दिसतंय ते लिहा.” तो लाल अक्षरं वाचत होता, पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचत होता. इतके दिवस लाल दिसलं की तो डोळे मिटून फाइल बंद करायचा आणि नवा कुणाचा तरी प्रोग्रॅम शोधायचा. यात शिव्या नव्हत्या. तिसऱ्या ओळीवर काही सापडलं नाही, असं साधं लिहिलं होतं. त्यानं तिसऱ्या ओळीच्या आधी जागा केली. जर काहीच सापडलं नाही तर. पुढे काय? नोंद नाही, असं बोटांवर आयतं आलं होतं. त्यानं ते येऊ दिलं नाही. मग बराच वेळ काहीच आलं नाही, त्यानं हात पँटला पुसले, आणि लिहिलं: “हा नंबर सापडत नाही. जाऊ नका, खिडकीवर विचारा.” शुद्धलेखन तपासलं. चालवलं. दुसरीकडेच लाल झालं. आता जे चालत होतं तेही मोडलं. त्याच्या तोंडून एक शिवी गेली, मॅडमसमोर, आणि तो पुढे वाकला.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं आणि अहवाल टेबलाच्या कडेवर ठेवून त्या ओळीत लिहायला लागल्या. दप्तरखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला उलट्या बाजूनं कागद वाचता येतो, चालत्या हातातला तर सहज येतो. मान इतकीशी वळवली असती तरी पुरे होतं, पण त्यानं वळवली नाही. तो पडद्यावर बोट ठेवून ओठांत पुटपुटत होता, जर, काहीच, नाही, कंस, आणि टोपण बसल्याचा आवाज झाला तेव्हा त्यानं डाव्या हाताची तर्जनी वर करून मॅडमना थांबण्याची खूण केली.